शिडाचं घर की चाकांचं घर?

दोस्तांनो, एक प्रश्न विचारू? समजा, तुमचं घर म्हणजे एक शिडाची बोट आहे. आई, बाबा, ताई आणि तुम्ही, सगळे तिच्यावरच राहता. सकाळी डोळे उघडले की खिडकीबाहेर पाणी, रात्री झोपताना कानाशी पाणी. आणि एके दिवशी बाबा म्हणतात, "आता पुरे झाला समुद्र. बोट देऊन टाकू आणि चाकांचं घर घेऊ. गाडीतच ओटा, गाडीतच पलंग. रस्ता नेईल तिकडे जाऊ!"

तुम्ही काय कराल? टाळ्या वाजवाल, की रुसून बसाल?

थांबा, लगेच उत्तर देऊ नका. असं करणारे लोक जगात खरोखरच आहेत बरं का! कितीतरी वर्षं बोटीवर काढल्यावर कुणाचे गुडघे कुरकुरू लागतात, कुणाला डोंगर बघायचे असतात, कुणाला नातवंडांच्या जवळ राहायचं असतं. मग ते शीड उतरवतात आणि स्टिअरिंग धरतात. या बदलात काय हाती लागतं आणि काय हातचं जातं, तेच आज पाहू या. त्यासाठी आधी आपल्या निर्मळला जाऊ.

निर्मळच्या यात्रेतली फिरती घरं

निर्मळ म्हणजे वसई तालुक्यातलं, पालघर जिल्ह्यातलं तळ्याकाठचं हिरवं गाव. नालासोपारा स्टेशनवरून बस पकडली की थोड्याच वेळात आपण तिथे पोचतो. पश्चिमेला दोन-तीन किलोमीटरवर कळंबचा समुद्र. तळ्याजवळ शंकराचार्यांचं समाधी मंदिर आहे, आणि कार्तिक वद्य एकादशीला इथे मोठी यात्रा भरते. या यात्रेला गेलं आणि सुकेळी घेतली नाहीत, तर घरी गेल्यावर आजी विचारणारच! राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ही सुकेळी फार दिवस टिकतात. लांबच्या प्रवासाला न्यायला याहून चांगला खाऊ कुठला?

पण आज आपल्याला सुकेळ्यांकडे नाही, पाळणेवाल्यांकडे बघायचं आहे. तुम्ही आकाशपाळण्यात बसून ओरडत असता, तेव्हा तो पाळणा चालवणाऱ्यांचं घर कुठे असतं? बहुतेक वेळा तिथेच, मागे! ट्रकच्या हौद्यात नाहीतर ताडपत्रीखाली. एका कोपऱ्यात स्टोव्ह, दोरीवर कपडे, पत्र्याच्या पेटीत सगळा संसार. ही यात्रा संपली की पाळण्याचे भाग सुटे होतात, ट्रक भरतो आणि घर पुढच्या यात्रेला निघतं. परदेशातल्या चित्रांत दिसणारी चकचकीत घरगाडी आपल्याला नवलाची वाटते, पण चाकांवरचा संसार आपल्या यात्रेत वर्षानुवर्षं येऊन जातो आहे.

आणि शिडाचं घर? तेही इथे होतंच की!

सोपाऱ्याचा पूर्ण

निर्मळच्या जवळचं नालासोपारा आज लोकलच्या गर्दीसाठी ओळखलं जातं. पण दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव होतं शूर्पारक, आणि ते होतं गजबजलेलं बंदर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या दर्यावर्दी पुस्तकात त्याचा उल्लेख 'सुप्पारा' असा आला आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली निर्मळच्या शेजारच्या भुईगावला नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. राजानं आपला निरोप दगडावर कोरून ठेवावा, एवढी या गावात माणसांची ये-जा होती!

याच शूर्पारकातल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची गोष्ट बौद्ध कथांमध्ये येते. पूर्णानं सहा वेळा समुद्र ओलांडला आणि सहाही वेळा सुखरूप परत आला. सातव्या सफरीत त्याच्या जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी होते. पहाटे ते बुद्धांची वचनं म्हणत. ती ऐकून पूर्णाच्या मनात काहीतरी हललं. परत आल्यावर त्यानं समुद्राचा व्यापार सोडला आणि तो बुद्धांना भेटायला श्रावस्तीला गेला. श्रावस्ती तर समुद्रापासून शेकडो कोस आत, आजच्या उत्तर प्रदेशात! म्हणजे जहाज सोडून जमिनीची वाट धरणारा आपल्या भागातला माणूस गोष्टीत सापडतो, तो थेट इतका जुना.

त्या काळी जमिनीवरून व्यापारी एकेकटे जात नसत. बैलगाड्यांचा मोठा तांडा निघायचा. त्याला म्हणत 'सार्थ', आणि त्याच्या प्रमुखाला 'सार्थवाह'. फारसी भाषेत अशाच तांड्याला 'कारवाँ' म्हणतात. हाच शब्द इंग्रजीत जाऊन 'कॅरॅव्हॅन' झाला, आणि त्याची शेपटी तोडून उरली ती 'व्हॅन'! तुमच्या शाळेची व्हॅन दारात येऊन हॉर्न वाजवते ना, तिच्या नावात जुना तांडा दडलेला आहे.

शीड उतरलं, चाक आलं

सोपाऱ्याची खाडी हळूहळू गाळानं भरत गेली आणि बंदराचं महत्त्व ओसरलं. तरी या किनाऱ्यावरची शिडं एकदम नाहीशी झाली नाहीत. पोर्तुगीजांच्या काळात वसईला जहाजं बांधली जात. कोकणच्या किनाऱ्यावर गलबतं, पडाव आणि मचवे मीठ, कौलं, लाकूड, नारळ घेऊन बंदरं गाठत. तांडेल आणि खलाशी यांचं घर तेच. तिथेच चूल, तिथेच अंथरूण. पावसाळा जवळ आला की गलबत किनाऱ्यावर ओढायचं, झावळ्यांनी शाकारायचं आणि गावी जायचं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की दर्या पुन्हा खुला!

मग आलं चाक. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकांसाठी गाडी सुरू झाली. दिवसाला जायला एक, यायला एक. आज त्याच मार्गावर गाडीत उभं राहायला जागा मिळाली तरी आपण खूश होतो! वसईची भाजी, फुलं, केळी, विड्याची पानं रेल्वेनं जाऊ लागली. पुढे ट्रक आले. कारण अगदी सोपं आहे. वारा पडला की गलबत थांबतं, उलटा आला की वाट वाकडी होते. केळी मात्र वाऱ्यासाठी पिकायची थांबत नाहीत.

म्हणजे सगळ्या गावानंच शीड देऊन चाक घेतलं, असं म्हणायला हरकत नाही.

लेखकाची बोट आणि लेखकाचा 'घोडा'

आता जरा लांब, अमेरिकेत जाऊ. जॉन स्टाइनबेक हे तिथले मोठे कादंबरीकार. १९६२ साली त्यांना साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर त्यांचं घर होतं आणि २२ फुटांची लाडकी बोटही होती. बायकोच्या नावावरून त्यांनी तिचं नाव ठेवलं होतं 'फेअर इलेन'.

१९६० साली, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांना वाटलं की आपण आपल्या देशाबद्दल लिहितो खरं, पण तो नीट पाहून किती वर्षं झाली! देश पाहायला बोट काय कामाची? म्हणून त्यांनी एका ट्रकवर छोटंसं घर बसवून घेतलं. ते बांधायचं कसं? तर बोटीच्या केबिनसारखं! पलंग, शेगडी, फ्रीज, दिवे, कपाटं, सगळं इंच इंच मोजून बसवलेलं. गाडीचं नाव ठेवलं 'रोसिनांते'. डॉन किहोटे या गोष्टीतल्या वेड्या सरदाराच्या म्हाताऱ्या घोड्याचं हे नाव.

निघायच्या थोडेच दिवस आधी, सप्टेंबरमध्ये 'डोना' नावाचं चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. वाऱ्यानं सुटलेल्या दोन बोटी ओढल्या जाऊन 'फेअर इलेन'ला भिडल्या. स्टाइनबेक पाण्यात शिरले, बोटीवर चढले, इंजिन सुरू केलं आणि बोट किनाऱ्यापासून दूर मोकळ्या पाण्यात नेऊन नांगरली. आणि परत कसे आले? पाण्यात उडी मारून, वाहत आलेल्या फांदीला धरून!

तुम्ही म्हणाल, वादळात बोट किनाऱ्यापासून लांब नेली? उलटच झालं की! पण बोटवाल्यांचं शहाणपण इथेच आहे. वादळात बोटीला पाण्याची जेवढी भीती असते, त्याहून जास्त असते खडकाची, धक्क्याची आणि शेजारच्या बोटीची. चाकांच्या घराचं वेगळं असतं. पाऊस वाढला की रस्त्याकडेला, उंचावर, सुरक्षित जागा बघून थांबायचं.

बोट बचावली आणि २३ सप्टेंबरला स्टाइनबेक निघाले. सोबतीला होता चार्ली नावाचा म्हातारा पूडल कुत्रा. बोट त्यांनी विकली नव्हती, फक्त मागे ठेवली होती. पण बोटीवरची हुशारी त्यांनी बरोबर नेली. कपडे धुवायची त्यांची युक्ती ऐका. झाकणाची एक बादली घेतली आणि लवचीक दोरीनं गाडीत टांगली. तिच्यात मळके कपडे, पाणी आणि साबण. दिवसभर गाडी हिंदकळली की संध्याकाळी कपडे स्वच्छ! खड्ड्यांचा एवढा चांगला उपयोग आणखी कुणी केला असेल?

या प्रवासावरचं त्यांचं पुस्तक १९६२ साली प्रसिद्ध झालं. 'रोसिनांते' आजही कॅलिफोर्नियात सॅलिनास या त्यांच्या जन्मगावी संग्रहालयात उभी आहे.

वारा फुकट, पाणी महाग

आता हिशेबाला बसू. वही-पेन्सिल घ्या.

आधी वेग. शिडाची बोट चांगल्या वाऱ्यात सुमारे ५ नॉट वेगानं जाते. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. गुणा पाहू! बोटीचा वेग निघाला तासाला ९ किलोमीटरच्या आसपास. तुमची सायकल तिच्यापुढे निघून जाईल! पण बोट रात्री झोपत नाही. २४ तासांत ती साधारण २२० किलोमीटर जाते. तेवढं अंतर मोटार चार-पाच तासांत कापते. मात्र बोट चालू असताना कुणीतरी जागं राहावंच लागतं. पाळ्या लावून पहारा द्यायचा. गाडीचं बरं, थांबवली, हँडब्रेक ओढला, की सगळे गाढ झोपायला मोकळे.

मग पाणी. समजा, बोटीच्या टाकीत ३०० लिटर गोडं पाणी आहे. माणसं चार, प्रवास १५ दिवसांचा. प्रत्येकाला रोज किती? ३०० भागिले ६०. फक्त ५ लिटर! पिणं, स्वयंपाक, तोंड धुणं, सगळं त्यातच. आपल्या घरचा नळ मिनिटभर मोकळा सोडला तर एवढं पाणी सहज वाहून जातं. मोठ्या बोटींवर खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र असतं, पण त्याला वीज लागते, आणि वीजही मोजकीच. चाकांच्या घरात टाकी असते, पण ती रिकामी झाली तर पुढच्या गावात भरता येते. एखाद्या काकू हाक मारून तांब्याभर पाणी देतीलच, वर चहा घ्यायलाही बसवतील.

चाकांच्या घराची मोठी मिळकत म्हणजे हीच. वाटेत गावं लागतात, माणसं भेटतात, दवाखाना जवळ असतो. जातं काय? वारा फुकट मिळत असे, आता डिझेल विकत घ्यावं लागतं. समुद्रात नजर जाईल तिथवर मोकळं असे, आता टोल, सिग्नल आणि 'इथे गाडी उभी करू नये' अशी पाटी! बोटीवर चूक झाली तर वेळेत मदत मिळेलच असं नाही, म्हणून माणूस सावध राहतो. रस्त्यावर मदत जवळ असते, म्हणून तो हळूहळू बेफिकीर होतो.

हा सावधपणा किती लागतो, ते आपल्या दर्यावर्दींना विचारा. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी 'म्हादेई' या शिडाच्या बोटीतून मुंबईहून एकटे निघाले. वाटेत चारच बंदरांत थांबून, पृथ्वीला फेरी घालून, मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. शिडाच्या बोटीतून एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही बोट गोव्यात, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली होती. लांबी ५६ फूट, म्हणजे साधारण दीड एसटी! पुढे 'तारिणी' या तशाच बोटीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परत आल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला तर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच 'तारिणी' घेऊन निघाल्या आणि २९ मे २०२५ ला गोव्यात पोचल्या. एवढ्याशा जागेत आठ-आठ महिने! प्रत्येक वस्तू आपल्या जागी, प्रत्येक दोर रोज तपासलेला. म्हणून तर परत येता आलं.

हौस आणि गरज

महाराष्ट्रानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. म्हणजे घरगाडी घेऊन फिरायला जाणं, तिच्यासाठी थांबण्याच्या खास जागा करणं, हे आता सरकारी कागदावरही आलं आहे. मोठी मजेची गोष्ट!

पण एक गोष्ट विसरू नका. फिरतं घर सगळ्यांच्याच हौसेचं नसतं. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि मुलं. कारखान्याजवळ पाचटाची कोपी उभी राहते आणि पाच-सहा महिने तेच घर. तुमच्याच वयाच्या मुलामुलींची शाळा मध्येच सुटते. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, पण अजूनही सगळ्या मुलांपर्यंत शाळा पोचलेली नाही. घिसाडी, पाळणेवाले, मेंढपाळ यांची मुलंही अशीच गावोगाव हिंडतात. आज आपल्या वर्गात, उद्या दुसरीकडेच. यात्रेच्या दिवसांत असं कुणी भेटलं तर त्याला तुमची वही दाखवा. त्यानं किती गावं पाहिली तेही विचारा. भूगोलात तो तुम्हांला सहज हरवेल!

घर फिरतं आहे की उभं, यापेक्षा ते फिरवायचं की थांबवायचं हे ठरवणं कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न मोठा. वाटेल तेव्हा घरी परतता येतं त्याची ती सहल असते. ज्याला परतता येत नाही त्याची वणवण.

शीड गेलं तरी सवय राहू द्या

वसईकडे पुन्हा वळू. आपण चाक घेतलं ते बरंच झालं. दवाखाना जवळ आला, कॉलेज जवळ आलं. पण त्या नादात आपण बोटवाल्यांची एक सवय सोडून दिली. पाण्याकडे लक्ष ठेवायची! खाडीचा गाळ, भरतीची वेळ, ओढ्याची वाट, हे खलाशाला तोंडपाठ असायचं. चाकवाल्याला वाटतं, आपल्याला त्याचं काय? मग खाडीत भराव पडतो, नाल्यात कचरा पडतो, पाणथळ जागी इमारत उभी राहते.

जुलै २०१८ मध्ये मुसळधार पाऊस झाला. नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या थांबल्या, आणि अडकलेल्या लोकांना बाहेर काढायला काय आणावं लागलं, सांगा पाहू? होड्या! जिथे कधीकाळी जहाजं येत, तिथे होडी पुन्हा आली, पण रुळांच्या बाजूला. पाण्याची वाट आपण विसरलो तरी पाणी विसरत नाही, एवढा धडा त्यातून घ्यायचा.

तेव्हा बाबांनी खरंच बोट देऊन घरगाडी आणली, तर खुशाल टाळ्या वाजवा. फक्त बोटीवरचं मोजमाप, नीटनेटकेपणा आणि पाण्याची जाण गाडीत चढवायला विसरू नका. आणि तुमचं घर चाळीत, वाडीत किंवा पाचव्या मजल्यावर असलं तरी हे सामान तिथेही मावतं.

करून पाहा

येत्या रविवारी घराची बोट करा. आई-बाबांना आधी विचारा हं!

१. सकाळी एक पाच लिटरची कळशी किंवा कॅन भरून घ्या. पिणं, तोंड धुणं, हात धुणं, आपलं ताट धुणं, सगळं दिवसभर त्यातच. (आंघोळीची आणि संडासाची सूट! आणि तहान लागली तर पाणी प्यायचंच, त्यात काटकसर नको.) रात्री किती उरलं ते लिहा.

२. एक छोटी पेटी किंवा खोका घ्या. आठवडाभराच्या प्रवासाला लागेल तेवढंच सामान त्यात बसवा. खेळणं एकच, पुस्तकं दोनच. स्टाइनबेकनी पुढे कबूल केलं होतं, की आपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त सामान भरून नेलं. तुमचं काय होतं, बघा.

३. पाऊस पडेल तेव्हा मोठ्या माणसांबरोबर गच्चीतून किंवा खिडकीतून पाहा. तुमच्या गल्लीतलं पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुठे अडतं? कागदावर नकाशा काढा. हा नकाशा वर्गात बाईंना किंवा सरांना नक्की दाखवा. खलाशी असाच तयार होतो!

आणि हो, रात्री जेवताना घरात सगळ्यांना विचारा, शिडाचं घर की चाकांचं घर? आजी-आजोबांचं उत्तर सगळ्यांत शेवटी ऐका. त्यांनी कदाचित दोन्ही पाहिलेलं असेल.